रुब्रिक (मूल्यमापन)

रुब्रिक किंवा निकषपट म्हणजे विद्यार्थ्याच्या एखाद्या कृतीचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर होणार आणि प्रत्येक निकषाच्या बाबतीत कोणत्या प्रतीचे काम कोणत्या पातळीत बसते, हे आधीच शब्दांत मांडून ठेवणारा तक्ता होय. ज्या कामाला एकच बरोबर उत्तर नसते, अशा कामासाठी, म्हणजे शोधनिबंध, प्रकल्प, भाषण, प्रयोगवही यांसाठी, तो वापरला जातो. प्रस्तुत लेखात मुख्यतः विद्यार्थ्यांच्या शोधनिबंधांना गुण देताना होणाऱ्या त्याच्या उपयोगाचा विचार केला आहे.

निकषपटाचे तीन घटक असतात. उभ्या रकान्यात निकष येतात (उदाहरणार्थ, संशोधनप्रश्नाची स्पष्टता, पुराव्यांचा उपयोग), आडव्या ओळीत पातळ्या येतात (बहुधा तीन ते पाच), आणि दोहोंच्या छेदातील प्रत्येक चौकटीत त्या पातळीच्या कामाचे वर्णन असते. हे वर्णन हाच निकषपटाचा प्राण आहे. पडताळा सूचीत एखादी गोष्ट आहे की नाही एवढेच नोंदवले जाते. पदनिश्चयन श्रेणीत ‘उत्तम, चांगले, साधारण’ अशा पायऱ्या असतात. परंतु ‘चांगले’ म्हणजे काय, हे ज्याने त्याने ठरवायचे असते. वर्णनाच्या चौकटी रिकाम्या ठेवून नुसत्या श्रेण्या छापलेला तक्ता रुब्रिक या नावाने अनेक ठिकाणी वापरात दिसतो. तो वस्तुतः पदनिश्चयन श्रेणीच असतो.

शब्दाचा उगम

लॅटिन भाषेत ‘रुब्रिका’ म्हणजे तांबडी माती, गेरू. मध्ययुगीन युरोपातील हस्तलिखितांत प्रकरणांची शीर्षके व आद्याक्षरे तांबड्या शाईने लिहीत. ख्रिस्ती उपासनेच्या ग्रंथांत प्रार्थनेचा मजकूर काळ्या शाईने आणि ती कशी म्हणावी याच्या सूचना तांबड्या शाईने लिहिण्याची प्रथा होती. त्यावरून ‘रुब्रिक’ या शब्दाला ‘शीर्षक’, ‘नियम’, ‘कार्यपद्धतीची सूचना’ असे अर्थ प्राप्त झाले. आपल्याकडील जुन्या पोथ्यांतही दंड, श्लोकांक व अध्यायाच्या शेवटची पुष्पिका तांबड्या रंगाने काढलेली आढळते. शिक्षकाच्या हातातील तांबड्या शाईच्या लेखणीशी मात्र या शब्दाचा व्युत्पत्तीच्या दृष्टीने थेट संबंध नाही. तो निव्वळ एक गमतीदार योगायोग आहे.

मराठीत या संकल्पनेसाठी ‘रुब्रिक’ हा शब्दच अधिक रूढ आहे. ‘गुणदान योजना’ हा जुना शब्द जवळचा वाटला तरी त्याचा अर्थ वेगळा आहे: प्रश्नपत्रिकेतील कोणत्या मुद्द्याला किती गुण द्यायचे, याची ती यादी असते.

पार्श्वभूमी

एकाच लेखनाला वेगवेगळे परीक्षक किती वेगवेगळे गुण देतात, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत पद्धतशीरपणे अभ्यासला गेला. डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी १९१२ मध्ये इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिकांच्या प्रती शंभराहून अधिक माध्यमिक शिक्षकांकडे तपासण्यासाठी पाठवल्या. शंभरपैकी गुण द्यायचे होते. एका उत्तरपत्रिकेला ६४ पासून ९८ पर्यंत, तर दुसरीला ५० पासून ९७ पर्यंत गुण मिळाले. भाषाविषयात असे होणारच, गणितात होणार नाही, असा आक्षेप आला. तेव्हा १९१३ मध्ये त्यांनी भूमितीच्या उत्तरपत्रिकेवर हाच प्रयोग केला आणि तेथे तफावत आणखी वाढली: २८ ते ९५. काहींनी केवळ अंतिम उत्तर पाहिले, काहींनी सिद्धतेतील पायऱ्यांना गुण दिले, तर काहींनी नीटनेटकेपणाचेही गुण कापले. प्रत्येकाचे गुणदान आपापल्या परीने सुसंगत होते. फक्त कशाला गुण द्यायचे याविषयी त्यांच्यात करार नव्हता.

त्याच सुमारास, १९१२ मध्ये, मायलो हिलेगास यांनी इंग्रजी निबंधांसाठी एक मापश्रेणी प्रसिद्ध केली. तीत निकृष्टापासून उत्कृष्टापर्यंत क्रमाने लावलेले नमुना निबंध होते. परीक्षकाने हातातील निबंध या नमुन्यांशी ताडून पाहायचा आणि जो नमुना सर्वांत जवळचा वाटेल त्याचे मूल्य द्यायचे, अशी ती कल्पना होती. आजच्या निकषपटासोबत नमुना निबंध जोडण्याची जी शिफारस केली जाते, तिचे मूळ येथे दिसते.

या विषयातील सर्वाधिक उद्धृत केला जाणारा अभ्यास १९६१ सालचा आहे. एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेतील पॉल डीडरिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे ३०० निबंध ५३ वाचकांकडे दिले. वाचकांत इंग्रजीचे, समाजशास्त्रांचे व विज्ञानांचे प्राध्यापक होते. तसेच लेखक-संपादक, वकील आणि व्यावसायिकही होते. निकष मुद्दामच सांगितले नव्हते. आपल्या मताप्रमाणे नऊ श्रेणींत निबंध लावावेत, एवढीच सूचना होती. ३०० पैकी १०१ निबंधांना नऊच्या नऊ श्रेणी मिळाल्या, म्हणजे तोच निबंध कोणाला सर्वोत्तम वाटला, तर कोणाला सर्वांत वाईट. ९४ टक्के निबंधांना किमान सात वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या, आणि पाचांपेक्षा कमी श्रेणी मिळालेला एकही निबंध नव्हता.

डीडरिक एवढ्यावर थांबले नाहीत. कोणाचे गुण कोणाच्या गुणांशी जुळतात, हे त्यांनी घटक-विश्लेषणाच्या संख्याशास्त्रीय पद्धतीने तपासले. वाचकांचे पाच गट पडले. एका गटाचे लक्ष कल्पनांवर होते, दुसऱ्याचे व्याकरण-विरामचिन्हांवर, तिसऱ्याचे रचनेवर, चौथ्याचे शब्दयोजनेवर, तर पाचव्याचे लेखकाच्या व्यक्तिगत शैलीवर. हे वाचक एकच निबंध वाचत असले तरी मोजत वेगवेगळ्या गोष्टी होते. निकषनिहाय गुणदानाच्या पुढील पद्धतींना या निष्कर्षाचा मोठा आधार मिळाला.

प्रकार

सर्व निकषांचा एकत्रित विचार करून संपूर्ण लेखनाला एकच पातळी देणाऱ्या निकषपटाला समग्र, तर प्रत्येक निकषाला स्वतंत्र पातळी देणाऱ्याला विश्लेषणात्मक निकषपट म्हणतात. हजारो उत्तरपत्रिका थोड्या दिवसांत तपासायच्या असतील तर पहिला सोयीचा पडतो. शोधनिबंधासाठी दुसरा अधिक उपयुक्त ठरतो, कारण विद्यार्थ्याला कोठे कमी पडलो हे त्यातून कळते. याखेरीज कोणत्याही विषयाला लागू पडणारे सामान्य निकषपट आणि विशिष्ट कामापुरते तयार केलेले कार्यविशिष्ट निकषपट असाही भेद केला जातो. अमेरिकेतील महाविद्यालयांच्या एका संघटनेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘व्हॅल्यू’ निकषपट पहिल्या प्रकारचे असून लेखन, चिकित्सक विचार, माहितीसाक्षरता इत्यादींसाठी त्यांत प्रत्येकी चार पातळ्या आहेत.

शोधनिबंधाचा निकषपट

निकष पाच-सहाच असावेत, असा सर्वसाधारण अनुभव आहे. दहा-बारा निकष ठेवले की परीक्षक थकतो आणि सर्व चौकटींत एकच पातळी भरत सुटतो. शोधनिबंधाच्या बाबतीत बहुधा संशोधनप्रश्न, पूर्वसंशोधनाचा आढावा, पद्धती व सामग्री, विश्लेषण व युक्तिवाद, संदर्भांचा प्रामाणिक निर्देश, आणि भाषा व मांडणी असे निकष घेतले जातात.

खरे कौशल्य चौकटींतील वर्णने लिहिण्यात आहे. ‘अतिशय चांगला युक्तिवाद’, ‘चांगला युक्तिवाद’, ‘बरा युक्तिवाद’ अशी वर्णने निरर्थक होत. विशेषण बदलले, पण परीक्षकाने काय शोधायचे ते सांगितले नाही. वर्णनात दिसू शकणारी गोष्ट हवी. समजा, पदवीच्या एका विद्यार्थिनीने आपल्या गावातील जात्यावरच्या ओव्यांवर शोधनिबंध लिहिला आहे. ‘पद्धती व सामग्री’ या निकषाची चार पातळ्यांतील वर्णने अशी करता येतील. चौथी पातळी: ओव्या कोणाकडून, कोठे, केव्हा व कशा नोंदवल्या हे सांगितले आहे, निवडीचे कारण दिले आहे, सामग्रीच्या मर्यादा लेखिकेने स्वतः ओळखल्या आहेत. तिसरी: संकलनाची माहिती पुरेशी आहे, पण निवडीचे कारण किंवा मर्यादा यांपैकी एकाचा उल्लेख नाही. दुसरी: सामग्री दिली आहे, परंतु ती कशी मिळवली हे वाचकाला अंदाजाने ओळखावे लागते. पहिली: स्वतः गोळा केलेल्या ओव्या कोणत्या आणि छापील संग्रहांतून घेतलेल्या कोणत्या, हे वेगळे करता येत नाही.

या वर्णनांत कोठेही ‘उत्कृष्ट’ हा शब्द नाही, तरीही दोन परीक्षक बऱ्याच अंशी एकाच निर्णयाला येऊ शकतात. विद्यार्थिनीच्या हातात हा तक्ता आधी पडला, तर ओवी सांगणाऱ्या बाईचे नाव-गाव आणि तारीख वहीत टिपून ठेवायला हवी, हे तिला गावात असतानाच कळते. निबंध परत मिळाल्यावर कळून उपयोग नसतो. निकषपट काम सुरू होण्यापूर्वी द्यावा असा आग्रह शिक्षणतज्ज्ञ धरतात, तो यासाठीच.

वर्णने लिहिण्याची एक व्यवहार्य रीत म्हणजे मागील वर्षांचे निबंध समोर घेऊन, गुण न पाहता, त्यांचे चांगल्या-वाईटाप्रमाणे ढीग लावणे आणि मग ‘हा या ढिगात का?’ याची कारणे लिहून काढणे. टेबलापाशी बसून कल्पनेने लिहिलेल्या वर्णनांत पहिली पातळी हास्यास्पद वाईट आणि चौथी अशक्यप्राय चांगली होते. परिणामी सगळे निबंध दुसऱ्या-तिसऱ्या पातळीत गर्दी करतात. शिवाय एकच दोष दोन निकषांत मोजला जाणार नाही, हे पाहावे लागते. विस्कळीत रचनेचे गुण ‘युक्तिवाद’, ‘मांडणी’ आणि ‘भाषा’ या तिन्ही ठिकाणी कापले गेले, तर एका चुकीची शिक्षा तिप्पट होते.

भारांश आणि गुणांत रूपांतर

सर्व निकषांचे महत्त्व सारखे नसते. म्हणून प्रत्येकाला भारांश दिला जातो. हा भाग वरवर यांत्रिक वाटतो, पण विद्यार्थ्याची श्रेणी पुष्कळदा येथेच ठरते. वरील ओव्यांच्या निबंधाला ५० पैकी गुण द्यायचे असून संशोधनप्रश्न ८, आढावा ८, सामग्री १२, विश्लेषण १२, संदर्भ ६ आणि भाषा ४ असे भारांश आहेत असे समजू. विद्यार्थिनीला अनुक्रमे तिसरी, दुसरी, चौथी, दुसरी, दुसरी व पहिली पातळी मिळाली. चार पातळ्यांना अनुक्रमे २५, ५०, ७५ व १०० टक्के मानले, तर तिचे गुण ६ + ४ + १२ + ६ + ३ + १ म्हणजे ३२, अर्थात ६४ टक्के होतात. आता भाषेला १२ आणि सामग्रीला ४ गुण ठेवून पाहा. एकही पातळी न बदलता बेरीज ६ + ४ + ४ + ६ + ३ + ३ म्हणजे २६, अर्थात ५२ टक्के होते. प्रथम वर्गाची रेषा ६० टक्क्यांवर असेल, तर निबंधातील एक अक्षरही न बदलता विद्यार्थिनी तिच्या खाली जाते. म्हणून भारांश निबंध वाचण्यापूर्वी ठरवणे व जाहीर करणे हा न्यायाचा भाग मानला जातो.

रूपांतरातही एक खाच आहे. चारपैकी पहिली पातळी म्हणजे २५ टक्के धरले, तर ‘आरंभिक पण स्वीकारार्ह’ असे ज्या कामाचे वर्णन केले, तेच काम गुणपत्रिकेत अनुत्तीर्ण ठरते. शब्द एक सांगतात आणि आकडे दुसरे. यावर उपाय म्हणजे पातळ्यांचे टक्के सरसकट गुणाकाराने न काढता प्रत्येक पातळीसाठी गुणांचा पल्ला वर्णनाशी जुळवून ठरवणे.

परीक्षकांचे एकमत

निकषपट हाती दिला की मतभेद आपोआप मिटतात, असे नाही. अँडर्स जॉन्सन व गुनिला स्विंगबी यांनी २००७ मध्ये ७५ अभ्यासांचा आढावा घेतला. निकषपट विश्लेषणात्मक व विषयविशिष्ट असेल आणि त्याला नमुना निबंध किंवा परीक्षकांचे प्रशिक्षण यांची जोड असेल, तर गुणदानाची विश्वसनीयता वाढू शकते. केवळ निकषपट वापरल्याने मूल्यमापन सप्रमाण होतेच असे मात्र नाही, असे त्यांनी नोंदवले.

प्रशिक्षणाची रूढ रीत साधी आहे. सर्व परीक्षक तेच तीन-चार निबंध स्वतंत्रपणे तपासतात, पातळ्या फळ्यावर मांडतात आणि जेथे तफावत आहे तेथे प्रत्येकजण निबंधातील ओळ दाखवून आपले कारण सांगतो. चर्चेचा हेतू वरिष्ठांच्या मताला मान डोलावणे हा नसून वर्णनातील संदिग्ध शब्द शोधणे हा असतो. ‘पुरेसे संदर्भ’ म्हणजे किती, यावर बऱ्याचदा पहिला वाद होतो. महाराष्ट्रात शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना परीक्षक, नियामक व मुख्य नियामक अशी जी साखळी असते, तिचा हेतू काही अंशी हाच आहे. शोधनिबंधाच्या बाबतीत मात्र पुष्कळ महाविद्यालयांत मार्गदर्शक आणि अंतर्गत परीक्षक एकच व्यक्ती असते. तेथे तुलना करण्यासाठी दुसरे मत उपलब्धच नसते.

एकमत मोजण्यासाठी केवळ टक्केवारी पुरत नाही. दोन परीक्षकांनी ५० निबंध तपासले आणि ३५ निबंधांना सारखीच पातळी दिली, तर जुळणी ७० टक्के झाली. परंतु दोघांनीही ५ निबंधांना पहिली, २० ना दुसरी, २० ना तिसरी व ५ ना चौथी पातळी दिली असेल, तर डोळे मिटून पातळ्या वाटल्या असत्या तरी सुमारे ३४ टक्के जुळणी योगायोगानेच झाली असती. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला ‘कप्पा’ हा गुणांक हा योगायोग वजा करतो. येथे ०.७० मधून ०.३४ वजा करून ०.६६ ने भागले असता तो सुमारे ०.५५ येतो, म्हणजे चित्र ७० टक्के या आकड्याइतके उजळ राहत नाही.

न्याय्यतेचे काही प्रश्न

एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये दाखवून दिले की, एखाद्या व्यक्तीविषयीचे एकूण मत तिच्या प्रत्येक गुणाच्या मूल्यमापनावर पसरते. या वलयप्रभावामुळे सुबक छपाईचा निबंध युक्तिवादातही सरस वाटू लागतो. त्यावर उपाय म्हणून नावे झाकणे, तसेच एक निबंध संपूर्ण तपासण्याऐवजी सर्व निबंधांचा एकच निकष प्रथम तपासणे, असे मार्ग सुचवले जातात. क्षेत्रकार्यावर आधारित निबंधात गाव, जात-समाज, कुटुंब यांचे उल्लेख येतातच. तेथे नाव झाकून ओळख पूर्णपणे लपत नाही.

मराठी शोधनिबंधांत भाषेच्या निकषाचा प्रश्न विशेष नाजूक आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांना १९६२ मध्ये शासनमान्यता मिळाली. पुढे १९७२ मध्ये चार नियमांची भर पडून त्यांची संख्या १८ झाली. हे नियम पाळणे शोधनिबंधात अपेक्षित आहे. तथापि ऱ्हस्व-दीर्घाची चूक आणि विचारातील गोंधळ या एकाच जातीच्या गोष्टी नव्हेत. घरात अहिराणी, मालवणी, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या निकषावर गुण गमवावे लागले, तरी त्यापायी त्याच्या विश्लेषणाचे गुण जाऊ नयेत. निकष वेगळे काढल्याचा सर्वांत मोठा लाभ येथे होतो. तसेच ओव्या, म्हणी किंवा मुलाखती यांतील बोलीरूपे ही संशोधनाची सामग्री आहे. ती जशीच्या तशी उतरवणे ही अचूकता होय. तिला तांबड्या शाईने ‘शुद्ध’ करणारा परीक्षक पुरावाच बदलत असतो.

वाङ्मयचौर्याच्या बाबतीत साम्यदर्शक संगणकप्रणालीने दिलेली टक्केवारी थेट गुणांत उतरवण्याची चूक होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शास्ती नाही. त्यापुढे ४० व ६० टक्क्यांवर पायऱ्या आहेत. संदर्भ देऊन केलेली अवतरणे, संदर्भसूची इत्यादी या मोजणीतून वगळण्यात आली आहेत. हे विनियम पदव्युत्तर व संशोधन पदव्यांच्या लेखनासाठी असून वर्गातील स्वाध्याय व प्रकल्प-अहवाल त्यांतून वगळले आहेत. साम्य कमी असूनही कल्पना उसनी असू शकते, आणि साम्य अधिक असूनही प्रत्येक उतारा प्रामाणिकपणे निर्दिष्ट असू शकतो. तो निर्णय निबंध वाचूनच करावा लागतो. यंत्राकडून मजकूर लिहवून घेणे सोपे झाल्यापासून कच्ची टिपणे, क्षेत्रकार्याची वही व तोंडी परीक्षा यांना निकषपटात स्थान देण्याकडे कल वाढला आहे.

भारतातील संदर्भ

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २००९ मध्ये आणि महाराष्ट्र शासनाने २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन स्वीकारल्यावर वर्णनात्मक नोंदी, आकारिक व संकलित मूल्यमापन हे शब्द शाळाशाळांत पोहोचले. नोंदी लिहिण्याचे ओझे मात्र मोठे होते, आणि ठरावीक वाक्ये उतरवून काढण्याची सवय पुष्कळ ठिकाणी लागली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर चार वर्षांची, संशोधनासह ऑनर्स पदवी आली. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांना चौथ्या वर्षी संशोधन प्रकल्प घेता येतो व त्याला १२ श्रेयांक आहेत. त्यामुळे शोधनिबंधाचे गुणदान हा आता केवळ एम.ए. किंवा पीएच.डी.पुरता विषय राहिलेला नाही.

टीका

निकषपटांवर कठोर टीकाही झाली आहे. अल्फी कोह्न यांनी २००६ मध्ये असा मुद्दा मांडला की, निकषपटामुळे गुणदानाला वस्तुनिष्ठतेचा आभास मिळतो आणि विद्यार्थी विषयापेक्षा चौकटींकडे पाहून लिहू लागतात. त्याच वर्षी माया विल्सन यांनी लेखनाच्या संदर्भात हाच विरोध पुस्तकरूपाने विस्ताराने मांडला. बॉब ब्रॉड यांनी २००३ मध्ये दाखवले की, अनुभवी शिक्षक प्रत्यक्षात ज्या गोष्टींना मोल देतात, त्यांपैकी अनेक छापील निकषपटात नसतातच.

ऑस्ट्रेलियातील रॉइस सॅडलर यांचा आक्षेप अधिक मूलगामी आहे. चांगला परीक्षक प्रथम संपूर्ण लेखनाविषयी मत बनवतो आणि निकष नंतर आठवतो. शिवाय प्रत्येक नवे लेखन असा एखादा गुण किंवा दोष घेऊन येते, जो आधी लिहून ठेवलेल्या यादीत नसतो. निकषांची बेरीज आणि एकूण मत यांत विसंगती आली, तर कोणते खरे मानायचे, हा प्रश्न त्यांनी उपस्थित केला. ओव्यांच्या निबंधात विद्यार्थिनीने एखादी अशी ओवी शोधून काढली की जिच्यामुळे गावाच्या इतिहासातील एक विस्मृत दुष्काळ उघड होतो, तर ते मोल वरील सहा निकषांपैकी कोणत्या चौकटीत बसते?

काही शिक्षक यासाठी तक्त्याच्या शेवटी थोड्या गुणांची एक रिकामी ओळ ठेवतात. तिचा वापर करणाऱ्या परीक्षकाने कारण दोन वाक्यांत लिहायचे व ते विद्यार्थ्याला दाखवायचे, एवढीच तिची अट असते. या ओळीतून मनमानी परत शिरते, असे तिचे विरोधक म्हणतात. कारण लेखी असल्याने विद्यार्थ्याला निदान त्याविरुद्ध दाद मागता येते, असे तिच्या समर्थकांचे उत्तर आहे.